शून्य प्रहरातले आबा

लोकसभेत ५४३ खासदार असतात. त्यातले तीस-चाळीस रोज टीव्हीवर भांडताना दिसतात आणि आपल्याला वाटतं, संसद म्हणजे एवढीच. आबा उरलेल्या पाचशेंमधले. राज्यघटना, परराष्ट्र धोरण, अविश्वास ठराव असल्या मोठ्या चर्चेत पक्ष बोलायला उभं करतो ते वकिलांना, प्रवक्त्यांना, नाहीतर ज्यांचे वडीलही तिथेच बोलत असत त्यांना. आबांच्या वाट्याला येतो शून्य प्रहर, आणि तोही नशीब असेल तर.

नाव विचारू नका. हे एका माणसाचं चित्र नाही. चार-पाच खासदारांचं जाकीट, हिंदी आणि पोट एकत्र करून मी हे आबा उभे केलेत. मतदारसंघ मराठवाड्यातला धरा, खानदेशातला धरा, नगरच्या दुष्काळी पट्ट्यातला धरा, फार फरक पडत नाही. पक्षही विचारू नका. तो हल्ली त्यांनाही सकाळी पेपर बघून कळतो.

आबांचं राजकारण गावच्या विकास सोसायटीपासून सुरू झालं. मग सरपंचकी, पंचायत समिती, बाजार समितीचं सभापतिपद, जिल्हा बँकेचं संचालकपद. त्यांना खरं व्हायचं होतं आमदार. आमदारकीत मजा असते. तहसीलदार पहिल्या रिंगला फोन उचलतो, बदल्यांची यादी खिशात असते, हिवाळ्यात नागपूरला सावजीचं जेवण मिळतं. पण ती जागा जिल्ह्याच्या नेत्यांनी भाच्यासाठी राखून ठेवली होती. जिल्ह्यात जड होऊ लागलेल्या माणसाला दिल्लीला पाठवायचं, ही आपल्याकडची जुनी युक्ती. आबांना लोकसभेचं तिकीट मिळालं तेव्हा गावात फटाके वाजले, पेढे वाटले. ही बढती नव्हती, बदली होती, हे त्यांच्या लक्षात यायला दिल्लीतला पहिला हिवाळा जावा लागला.

शपथ त्यांनी फेटा बांधून मराठीत घेतली. इंग्रजीची आपल्याला भीती नाही, असं ते सांगतात. २०२४ च्या निवडणुकीत नगर जिल्ह्यात उमेदवाराला इंग्रजी येतं की नाही हाच प्रचाराचा मुद्दा झाला होता, आणि निवडून आल्यावर निलेश लंके यांनी मुद्दाम इंग्रजीत शपथ घेऊन दाखवली. तो व्हिडिओ आबांनी मोबाइलमध्ये जपून ठेवलाय. मात्र त्यांचं दैवत म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. नाना १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेत गेले आणि तिथे उभं राहून मराठीत बोलले. तसं बोलायची आजही मुभा आहे. आधी कळवून ठेवायचं, दुभाषे भाषांतर करतात, सदस्यांनी कानाला यंत्र लावलं की त्यांना आपापल्या भाषेत ऐकू येतं. सोय चांगली आहे. अडचण एवढीच, की ज्या मंत्र्याला ऐकवायचं त्याने यंत्र कानाला लावलं पाहिजे. आबांनी दोनदा मराठीत बोलून पाहिलं. दोन्ही वेळा मंत्री शेजारच्या मंत्र्याशी बोलत होते आणि यंत्र बाकावर पडून होतं. तेव्हापासून आबा हिंदीत बोलतात.

त्यांच्या हिंदीबद्दल दिल्लीत दोन मतं आहेत. "अध्यक्ष महोदय, हमारे उधर इस साल पाऊस ने पाठ फिराई है. दुबार पेरणी का संकट है. सातबारा पर बोजा चढ़ा है और बँकवाले वसुली को दारात आ रहे हैं." समोरच्या बाकावरचे बिहारचे एक खासदार यावर दरवेळी गंभीरपणे मान डोलावतात. त्यांना शब्द किती कळतात कोण जाणे, पण दारात बँकवाला आला की माणसाचा आवाज कसा होतो ते त्यांना ओळखू येतं. सभागृहात आबांचं सगळ्यात जास्त कोणाला समजत असेल तर त्यांनाच. मध्यंतराच्या चहाला दोघं एकमेकांना आपापली नदी समजावून सांगतात. एकाची दरवर्षी घरात शिरते, दुसऱ्याची पंधरा वर्षांत पुलाखालून गेलेली नाही.

आता शून्य प्रहर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. गंमत अशी की लोकसभेच्या नियमांच्या पुस्तकात हा शब्दच नाही. अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास, तो संपला की खासदारांनी तातडीचे विषय मांडायचे, अशी प्रथा साठच्या दशकापासून पडत गेली आणि पक्की झाली. नोटीस द्यायची, सोडत निघते, नाव निघालं तर बोलायचं. मिळतात एक-दोन मिनिटं. गोंधळ झाला, कामकाज तहकूब झालं, की ती मिनिटंही गेली. कधी उलटंही होतं. १८ जुलै २०१९ ला सभागृह रात्रीपर्यंत चालवून एका दिवसात दीडशेहून जास्त खासदारांना शून्य प्रहरात बोलू दिलं होतं. अशा रात्री सगळ्या भारताचे बंद पडलेले पूल, बीएसएनएलचे मुके टॉवर आणि न थांबणाऱ्या गाड्या एकामागून एक सभागृहात येतात.

आबांच्या त्या एका मिनिटाचं पहिल्या वर्षी काय होत असे, ते जवळून बघण्यासारखं आहे. उभं राहायचं, जाकिटाचं टोक खाली ओढायचं, घसा साफ करायचा: सहा-सात सेकंद. "अध्यक्ष महोदय, आपने मुझे इस अत्यंत महत्त्वपूर्ण विषय पर बोलने का अवसर दिया, इसके लिए मैं आपका, हमारे नेता का और मेरे मतदारसंघ की तमाम जनता का आभार प्रकट करता हूँ." गावात सत्काराला उत्तर देण्याची सवय असलेला माणूस आभार मानल्याशिवाय तोंड उघडूच शकत नाही. अर्धं मिनिट इथेच संपलं. मग मतदारसंघाची ओळख. ही संतांची भूमी, इथे अमुक ज्योतिर्लिंग, इथून तमुक दिंडी निघते, इथल्या मातीला छत्रपती शिवाजी महाराजांचे पाय लागले. घंटी. "माननीय सदस्य, विषय पर आइए." "विषय पर ही आ रहा हूँ महोदय." आणि आबा विषयावर येण्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा घाट उतरायला लागतात. दुसरी घंटी. "हमारे स्टेशन पर एक्सप्रेस को..." एवढं झालं की माईक बंद. पुढच्या खासदाराचं नाव पुकारलं जातं. आबा माईकशिवाय बोलतच राहतात. कामकाजाच्या नोंदीत संत राहिले, घाट राहिला, फक्त थांबा राहून गेला.

यावर इलाज काढला तो गुरुजींनी. गुरुजी म्हणजे आबांचे पीए. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आबांच्या दोन्ही मुलांना त्यांनी शिकवलं होतं, आणि आबांना मात्र शिकवायचं राहिलं होतं. लोकसभेचे नियम त्यांना तोंडपाठ. त्यांनी एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: आधी मागणी. मग कारण. मग आभार. वेळ उरला तर संत. त्या दिवशी आबा उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "महोदय, थांबा चाहिए. कोविड के पहले गाड़ी रुकती थी, अब नहीं रुकती. वापस रोकिए. धन्यवाद." आणि बसले. पुढचं नाव पुकारायच्या आधी पीठासीन अधिकाऱ्यांनी मान वर करून क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं म्हणतात. शून्य प्रहरात उरलेला वेळ परत करणारा खासदार त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

हे बारा सेकंद गावाकडे पोचतात तेव्हा त्यांची दोन मिनिटं झालेली असतात. संसद टीव्हीवरची क्लिप आबांचा पुतण्या कापतो. आधी संसद भवनाचा ड्रोनने घेतलेला फोटो, मग आबांचा फेट्यातला फोटो, मग डरकाळी फोडणारा वाघ, मग ते बारा सेकंद दोनदा, पाठीमागे हलगी आणि ढोल. खाली अक्षरं: "दिल्लीचे तख्त हादरले!" सभागृहात त्या वेळी पन्नासएक माणसं होती आणि त्यातले दोन डुलक्या घेत होते, ही बाब क्लिपमध्ये येत नाही. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात चार कॉलमी मथळा: "रेल्वे थांब्यासाठी खासदार आक्रमक". आमच्याकडे खासदार एक तर आक्रमक असतो, नाहीतर संपर्कात नसतो.

मग महिना-दोन महिन्यांनी मंत्र्यांचं पत्र येतं. जाड कागद, राजमुद्रा, शाईची सही. आपण उपस्थित केलेला विषय तपासून पाहिला, प्रवासी संख्या आणि वेळापत्रक लक्षात घेता सध्या हा थांबा देणं व्यवहार्य नाही, सादर. आबा हे पत्र दोनदा वाचतात. "नाही म्हणतायत ना, गुरुजी?" गुरुजी म्हणतात, "सध्या नाही म्हणतायत." त्या 'सध्या'वर पुढची तीन वर्षं निघतात. पत्राची झेरॉक्स पेपरवाल्यांकडे जाते आणि बातमी येते: "खासदारांच्या मागणीची रेल्वेमंत्र्यांकडून गंभीर दखल". खोटं कुणीच बोललेलं नसतं.

शून्य प्रहरात नाव लागलं नाही तर नियम ३७७. त्यात निवेदन २५० शब्दांत बसवावं लागतं, आणि आठवड्याला एका खासदाराचं एकच. अनेकदा ते वाचायचीही वेळ येत नाही, नुसतं पटलावर ठेवायचं. आबांना हे मुळीच पटत नाही. न बोलता कागद ठेवायला तलाठी कार्यालय काय वाईट होतं, असं ते म्हणतात. गुरुजींना मात्र नियम ३७७ फार आवडतो. आयुष्यभर मुलांच्या निबंधातले शब्द मोजलेला माणूस. ते २५० शब्दांत धरणाची गळती, कापसाचा भाव आणि रखडलेला बायपास असे तिन्ही बसवतात आणि वर एक शब्द शिल्लक ठेवतात.

तिसरा मार्ग प्रश्नांचा. दिवसाला २० तारांकित प्रश्न, त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात. आणि २३० अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. आबांचे बहुतेक अतारांकितमध्ये जातात. उत्तर येतं ते (क) ते (ङ) अशा भागांत. (क) जी हां. (ख) व (ग) माहिती गोळा केली जात आहे. (घ) हा राज्याचा विषय आहे. (ङ) प्रश्न उद्भवत नाही. पहिल्यांदा हे वाचल्यावर आबा खवळले होते. "प्रश्न उद्भवत नाही म्हणजे? मग मी विचारला काय?" गुरुजींनी त्यांना समजावलं की (घ) मुळे (ङ) निकालात निघाला. आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाजार समितीत असताना मीपण अशीच उत्तरं देत होतो. पण मी भाग पाडत नव्हतो."

आबांचं सगळं दुःख त्या (घ) मध्ये आहे. दिल्लीत ते पाटबंधारे, दवाखाना, पोलीस, दुष्काळ असं काहीही काढोत, उत्तर येतं: राज्याचा विषय. आणि शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने मतदारसंघात परत यावं, तर शनिवारी सकाळी सहाला ओट्यावर साठ माणसं बसलेली. त्यातल्या एकालाही केंद्राच्या अखत्यारीतलं काही नको असतं.

"आबा, डीपी जळालीय. आठ दिस झाले."

"अरे, महावितरणला सांगितलं का?"

"त्यांना सांगून काय व्हतंय? तुम्ही दिल्लीतून फोन लावा."

आबा अधीक्षक अभियंत्याला फोन लावतात. डीपी सोमवारी बसते, आणि ती आपल्यामुळे बसली असं आमदार सांगतात. पुढचा माणूस पोराच्या बदलीचा, त्याच्या मागचा बांधावरच्या भांडणाचा, त्याच्या मागची म्हातारी संजय गांधी निराधार योजनेची. "आरं आबा, मागल्या साली तू हो म्हनला व्हतास." खासदारांना अरे-तुरे करणारी ती एकटीच, आणि आबा एकटे तिच्यासाठीच खुर्चीतून उठतात. अख्ख्या सकाळी एकानेही विचारलं नाही की आबा, दिल्लीत परवा जे विधेयक झालं त्यावर तुम्ही काय मत दिलंत? विचारलं असतं तर आबांची पंचाईत झाली असती हे खरं, पण विचारलं नाही हेही खरं.

खासदार निधीचं तर बोलूच नये. योजना सुरू झाली १९९३ ला, आणि २०११-१२ पासून ही रक्कम वर्षाला ५ कोटी आहे, त्यानंतर वाढलेली नाही. ऐकायला मोठी वाटते. लोकसभेच्या एका मतदारसंघात आपल्याकडे सहा विधानसभा येतात. हजारभर गावं धरली तर गावाला पडतात ५० हजार. त्यात सभामंडपाचा पायासुद्धा निघत नाही. शिवाय खासदाराने फक्त काम सुचवायचं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. आणि मागणी येते ती हमखास मंदिरापुढच्या मंडपाची, ज्याला या निधीतून पैसे देता येत नाहीत. मग गुरुजी मंदिरापासून थोडी जागा सोडून 'सामाजिक सभागृह' सुचवतात. दोन वर्षांत मंदिराची ओसरी वाढत वाढत त्या सभागृहाला येऊन टेकते, त्याला आबा काय करणार? कोविडमध्ये हा निधीच बंद ठेवला होता, २०२० च्या एप्रिलपासून २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत. आबा म्हणतात, आयुष्यात तेवढंच दीड वर्ष लोकांना नाही म्हणताना खरं कारण सांगता आलं. केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशाचंही तसंच. पूर्वी प्रत्येक खासदाराला वर्षाला दहा शिफारशी करता येत. दहा पोरांचे बाप खूश आणि पाचशेंचे शत्रू. २०२२ ला सरकारने तो कोटा रद्द केला तेव्हा सभागृहात आबांनी निषेध केला आणि घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

शिवाय लग्नं. अर्थसंकल्पी अधिवेशन लग्नसराईत, पावसाळी अधिवेशन पेरणी आणि वारीच्या दिवसांत, हिवाळी अधिवेशन ऊस तोडणीत. हे वेळापत्रक ज्याने कुणी घातलं त्याच्या घरी शेती नसावी. आबा दिल्लीत असले की गावात म्हणतात, "निवडून आला आणि दिल्लीत जाऊन बसला." गावात असले की पेपरात टक्केवारी छापून येते: संसदेतली उपस्थिती अमुक. आबांची दशक्रियेतली उपस्थिती शंभर टक्के आहे, पण ती कुणी छापत नाही.

दिल्लीतलं त्यांचं नॉर्थ अव्हेन्यूमधलं घर हा एक वेगळाच प्रकार आहे. पुढच्या खोलीत यूपीएससीची दोन पोरं, मधल्या खोलीत एम्समध्ये नंबर लावून बसलेला रुग्ण आणि त्याचे तीन नातेवाईक, गॅलरीत हरिद्वारला निघालेले वारकरी. आबा स्वतः गुरुजींच्या खोलीत झोपतात. स्वयंपाकाला गावाकडचा एक पोरगा आणलाय. तो चपात्या करत नाही, भाकरीच करतो, आणि पीठ गावाहून येतं. ज्वारीचं पोतं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सगळं गाडीने. येणाऱ्या प्रत्येकाला परतीच्या तिकिटासाठी रेल्वेच्या कोट्याचं पत्र हवं असतं. आबांच्या लेटरहेडचा निम्मा खप तिथे होतो. रात्री दहाला सगळी पंगत बसली की आबा विचारतात, "कुणाला संसद बघायचीय का उद्या? पास काढतो." यूपीएससीची पोरं सोडून कुणी हात वर करत नाही. वारकऱ्यांना कुतुबमिनार बघायचा असतो.

इथवर हसून झालं. आता कांद्याचं सांगतो, कारण कांदा हा एकच विषय असा आहे की जिथे आबांना 'राज्याचा विषय' म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. निर्यात उघडायची की बांधायची हे दिल्लीतच ठरतं. फक्त ते सभागृहात ठरत नाही, अधिसूचनेत ठरतं. २०२३ चं पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपलं आणि १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. आबा बोलणार कुठे? ओट्यावर. डिसेंबरात अधिवेशन चालू असताना निर्यातबंदीच आली. नाशिक भागात लिलाव बंद पडले, आबांनी नोटीस दिली. पण त्याच अधिवेशनात लोकसभेतले १०० खासदार निलंबित झाले आणि कांदा त्या गदारोळात कुठच्या कुठे गेला. मे २०२४ मध्ये, मतदान तोंडावर असताना, बंदी उठली. पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. शेतकऱ्याला तो हिशेब कळतो. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून उठलं.

मोठ्या चर्चा करणाऱ्या तीस-चाळीस जणांतल्या कितीजणांना ही तारखांची माळ सांगता येईल? आबांना येते, न बघता. कांद्याची खरी माळ गळ्यात घालून ते संसदेच्या दारात उभे राहिले तेव्हा इंग्रजी वाहिन्यांनी हसून दाखवलं. माळ गुरुजींनी ओवली होती आणि कांदा आबांच्या शेतातला होता. फोटोग्राफर गेल्यावर त्यांनी ती सोडून कांदे नॉर्थ अव्हेन्यूला परत नेले. भाव नसला म्हणून काय झालं, फेकायचा थोडाच?

आणि थांब्याचं जे हसू येतं, त्यावर बीडकडे बोट दाखवतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे आणि त्यांच्या मागचे-पुढचे सगळेच तो मागत आले. मध्ये सरकारं बदलली, निम्मा खर्च राज्याने उचलायचं ठरलं, दरवर्षी अर्थसंकल्पात थोडीफार रक्कम पडत राहिली. सप्टेंबर २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पोचली. परळीपर्यंतचं काम तेव्हाही बाकीच होतं. या तीस वर्षांत हा मार्ग किती वेळा शून्य प्रहरात आला, किती निवेदनं पटलावर ठेवली गेली, किती वेळा 'प्रश्न उद्भवत नाही' आलं, याची कुणी गाथा लिहिली तर ती जाडजूड होईल. श्रेयाचे फ्लेक्स मात्र एका रात्रीत लागले. माझं मत विचाराल तर त्यातल्या एकाही फ्लेक्सवरचा माणूस पूर्ण खोटा नव्हता. एकाच गोष्टीसाठी तीस वर्षं माणसं बदलून बदलून ओरडत राहणं, यालाच आपल्याकडे प्रतिनिधित्व म्हणतात, आणि ते काम आबांसारखेच करतात. प्रवक्ते करत नाहीत.

आबांचा थांबा अजून मिळालेला नाही. पुढच्या वेळी त्यांचं तिकीट कापलं जाणार अशी चर्चा आहे, कारण भाच्याला आता दिल्ली हवीय. भाचा इंग्रजी बोलतो. तो आला तरी थांबा मागावाच लागेल, आणि गुरुजींनी ते कार्ड जपून ठेवलंय.

तर वाचकहो, एक विनंती आहे. तुमच्या खासदाराने काय विचारलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. पाच वर्षांतून एकदा तरी बघा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, मोबाइलचा टॉवर, कांद्याची निर्यात, असलं काही असेल तर आबांना लिहून द्या. गुरुजी ते २५० शब्दांत बसवतील. डीपी जळाली तर मात्र वायरमनला फोन करा. आबा अधिवेशनात असले तर त्यांचा फोन बंद असतो, आणि नसले तर ते कुणाच्या तरी लग्नात असतात.